सेफ्टी काकांची अंबाडी

मस्कतमध्ये असेपर्यंत सेफ्टी काका कुठल्याही खुर्चीवर ती हलवून पाहिल्याशिवाय बसले नाहीत. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, की आमच्या घरची नवीकोरी डायनिंगची खुर्ची असो. आधी ते तिच्या पाठीला धरून तिला डावी-उजवीकडे हलवत, मग पुढे-मागे, मग सीटवर तळहाताने दाब देत, आणि "ठीक आहे" असं खुर्चीलाच सांगून बसत. सुरुवातीला यजमानांना राग येई. नंतर नंतर ज्यांच्याकडे काका जेवायला जाणार असत, ते लोक आदल्या दिवशीच खुर्च्यांचे स्क्रू आवळून ठेवू लागले. आमच्याकडची एक खुर्ची खरोखरच हलत होती, त्यामुळे मला त्यांची टिंगल करायला फारशी जागा नव्हती.

मस्कतच्या वादी कबीर भागात आम्ही आणि काका समोरासमोर राहायचो. मी जवळच्याच शाळेत गणित शिकवायचे. काका मूळचे लातूरकडचे, एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर. दिवसभर उन्हात फिरून परांच्या, शिड्या आणि कठडे हलवून पाहायचे आणि जे हलेल त्याच्यावर कामगारांना चढू द्यायचं नाही, असं त्यांचं काम होतं. दारावर त्यांच्या खऱ्या नावाची पाटी होती, पण ती फक्त कुरिअरवाला वाचत असे. बिल्डिंगमध्ये बहुतेक मंडळी कोकणातली आणि मुंबईची. काकांच्या "काय करायलाव?" "कुठं चाललाव?" या लातुरी बोलण्याची सगळ्यांना मजा वाटे. काकांना ते कळत असे, पण बोलणं बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

"अपघात होत नसतो ताई, आपण तो होऊ देत असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसूनसुद्धा ते पट्टा लावत. रुवीच्या बाजारात रस्ता पूर्ण मोकळा असला तरी माणसाचं हिरवं चित्र दिसेपर्यंत उभे राहत. त्यांच्याबरोबर खरेदीला गेलं की उशीर ठरलेला, पण हातपाय धड राहून घरी येण्याची खात्री असे. ओमानचे जेवढे कायदे त्यांना माहीत होते, तेवढे ते पाळत. माहीत नसलेलेही असतील म्हणून थोडं जास्तच पाळत.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, याच्या अगदी उलट. त्या कठड्यावर रेलून खालच्या मजल्यावरच्या बाईशी बोलत आणि काका आतून ओरडत. त्यांचा आवाज जिन्यात घुमायचा. पण एका हिवाळ्यात त्यांचं मुंबईला ऑपरेशन झालं, त्यानंतर औषधांचे डोस सुरू झाले आणि त्या परत आल्या त्या निम्म्या होऊन. तोंडाची चव गेली होती. सोफ्यावर बसून त्या बंद टीव्हीकडे पाहत राहायच्या. काका खिचडी करायचे, पेज करायचे, मी थालीपीठ नेऊन द्यायचे. वहिनी एक घास घेऊन ताट सरकवायच्या. "कागद चावल्यावानी लागतंय हो," एवढंच म्हणायच्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस देता येणार नाहीत. खावंसं वाटेल ते खाऊ द्या, पण खाल्लं पाहिजे. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले, खुर्ची हलवून बसले आणि चहा समोर तसाच ठेवून म्हणाले, "तिला अंबाडीची भाजी खावी वाटायलीय."

अंबाडीची भाजी म्हणजे काय, हे बिल्डिंगमधल्या कोकणी मंडळींना समजावण्यात एक रविवार गेला. आंबट पाल्याची ती भाजी. त्यात तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. रुवीतल्या भाजीवाल्याने सांगितलं की तो पाला हिवाळ्यात कधीतरी येतो, आता उन्हाळ्यात नाव काढू नका. आंध्राकडच्या माणसाच्या दुकानातून काकांनी त्याच पाल्याचं लोणचं आणलं. वहिनींनी बोट लावून चाटलं आणि बरणी परत दिली. "हे नव्हे," म्हणाल्या. मग काकांनी ठरवलं की अंबाडी घरीच लावायची.

भावाच्या मुलीच्या लग्नाला ते लातूरला जाणार होतेच, येताना बिया घेऊन आले. विमानतळावर त्यांनी पुडी स्वतःहून काउंटरवर ठेवली. तिथल्या माणसाने पुडी हुंगली, हलवली आणि "यल्ला, जाओ" म्हणाला. काकांनी विचारलं, "आपने बराबर देखा ना?" त्याने पुन्हा पाहिलं. काकांचं तरीही समाधान झालं नव्हतं, पण मागे मोठी रांग होती.

बिया कागदी कपांत छान उगवल्या. पण जून लागला आणि बाल्कनीचा तवा झाला. मस्कतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार नळाला हात लावायची सोय नसते. आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्यातलं साठलेलं पाणी गार पाणी म्हणून वापरायचो. काका रोपांनाही तेच घालत. शेवटी त्यांनी रोपं हॉलमध्ये आणली, वर दोन ट्यूबलाइट टांगल्या, साइटवरून रंगाच्या रिकाम्या बादल्या आणून घासून धुतल्या, तळाला भोकं पाडली आणि एका शुक्रवारी सगळी रोपं त्यांत हलवली. बादल्यांभोवती लाल-पांढरी पट्टीही बांधली. सोफ्यावरून वहिनींना टीव्हीच्या ऐवजी आता धोक्याची जागा दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रोपांनी माना टाकल्या.

काकांनी चौकशी सुरू केली. "आधी कारण, मग उपाय," ते म्हणाले. साइटवर माणूस पडला की ते जसे सगळ्यांचे जबाब घेत, तसे इथे घेतले. मला विचारलं, एसी कोणी लावला होता? वहिनींना विचारलं, रात्री पाणी कोणी घातलं? वहिनींनी मान फिरवली. मग मी माझ्या फोनवर इंग्रजीत प्रश्न टाकला: बोटांसारखी, कातरलेल्या कडांची पानं असलेली छोटी रोपं, घरात दिव्याखाली वाढवलेली, मोठ्या भांड्यात लावल्यावर माना टाकतात, काय करावं?

उत्तरांचा पाऊस पडला. कुठल्या कुठल्या थंड देशांतली तरणीताठी मुलं अगदी याच दुखण्याने हैराण होती आणि एकमेकांना जीव तोडून सल्ले देत होती. ती रोपांना "पोरी" म्हणत. पोरींना पाणी जास्त झालंय. पोरींच्या अंगावर एसीचा झोत येऊ देऊ नका. दिवे जरा वर घ्या. मुळं नवी आहेत, त्यांना धक्का लागू देऊ नका, धीर धरा. काका चष्मा लावून हे सगळं मोठ्याने वाचत. "केवढा अभ्यास आहे या पोरांचा! आमच्या कंपनीत असा एक असता तर," म्हणाले. मग त्यांनी दिवे वर घेतले, एसीची पाती छताकडे वळवली, पाणी निम्मं केलं. धक्क्याबद्दल म्हणाले, "तो आपण कुठं लावायलोय?" आणि प्रत्येक रोप देठाशी धरून हलवून पाहिलं. रोपं हलत होती. काकांनी माती आणखी दाबली.

तरीही माना खालीच. तेव्हा काकांनी रोपांचा फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रूपवर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं की ही माझी घरातली रोपं आहेत, पानं लोंबत आहेत, अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं.

थोड्याच वेळात परकारभाई वर आले. ते तळमजल्यावर राहायचे, रत्नागिरीकडचे, रुवीत त्यांचं मसाल्याचं दुकान होतं. एरवी ते जिन्यातूनच हाक मारत यायचे. त्या दिवशी गुपचूप आले, दार लावलं, वर कडी घातली.

"काका, पहिला तो फोटो डिलीट मारा."

"का हो?"

"तुम्ही हॉलमध्ये काय लावलंय माहीत आहे का? पानं बघा त्याची. वर लाइटी काय, आत एसी काय!" मग त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, मी वाचत असलेलं पान बोटाने वर वर सरकवलं आणि माझ्यासमोर धरलं. "मॅडम, तुम्ही मास्तरीण ना? ही साइट कशाची आहे वाचा जरा."

मी वाचलं. ती गांजा लावणाऱ्यांची साइट होती.

काका मटकन बसले असं मी लिहिलं असतं, पण त्यांनी तेव्हाही आधी खुर्ची हलवून पाहिली. बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओमानमध्ये हे प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नोकरी, व्हिसा, वहिनींचं औषध, सगळं एका पानावर आलं होतं.

"पण ही अंबाडी आहे," काका म्हणाले. आवाजात आधीची खात्री नव्हती. "पुडीवर लिहिलं नव्हतं, पण दुकानदार ओळखीचा आहे."

"चाखून बघा ना मग," मी म्हटलं.

काकांनी पानाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. "आंबट आहे."

"गांजा आंबट असतो का?" मी विचारलं.

काकांनी परकारभाईंकडे पाहिलं. "मला काय ठाऊक?" परकारभाई भडकले. "मी हळद-धणे विकतो!"

तिघांनाही त्या विषयाचा काडीचा अनुभव नसल्यामुळे चर्चा तिथेच अडली. तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "आणा इकडं." वहिनींनी हात पुढे केला होता. काकांनी पान दिलं. वहिनींनी ते तोंडात टाकलं, चावलं, चांगलं सावकाश चावलं आणि गिळलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काही मनापासून खाताना मी पाहत होते. "अंबाडीच हाय," त्या म्हणाल्या.

"तू घरची. तुझी साक्ष चालत नाही," काका म्हणाले, आणि उठून शर्ट घालू लागले. "मी पोलिसांत जाऊन सांगतो. संशय आला की आपण होऊन कळवायचं. नियमच आहे."

परकारभाईंनी त्यांचा शर्ट धरला. "काका, तिथे कोणाला समजवणार तुम्ही कण्या नि फोडणी?" मीही विनवण्या केल्या. काका ऐकेनात. आणि नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली. बिल्डिंगचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणत असू, ते एसीवाल्याला घेऊन दुरुस्तीची कामं बघत मजल्या-मजल्यावर फिरत होते. वयस्कर ओमानी गृहस्थ, डोक्याला मस्सर म्हणजे तिथला फेटा, हातात काठी. परकारभाईंनी विजेच्या वेगाने वहिनींच्या अंगावरची चादर ओढली आणि बादल्यांवर टाकली.

अर्बाब आत आले. एसीवाल्याने एसी उघडला. लाल-पांढऱ्या पट्टीच्या आत चादर पांघरून काय उभं आहे, हे अर्बाबांनी विचारलंसुद्धा नव्हतं. पण लपवणं हा दुसरा गुन्हा, असं काकांचं मत. त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने चादर काढली आणि ताठ उभे राहून म्हणाले, "अर्बाब, ये पौधा है. हमको मालूम नहीं ये क्या है. आप देखो." परकारभाईंनी भिंतीचा आधार घेतला.

अर्बाब वाकले. पान चुरगाळलं, हुंगलं, तोंडात टाकलं आणि हसू लागले. "करकदे! ये तो करकदे है." करकदे म्हणजे अंबाडीच. काकांनी तीन वेळा विचारलं, पक्का? अर्बाब म्हणाले, बरका गावी त्यांच्या शेतावर पूर्वी पुष्कळ होतं, त्याच्या लाल बोंडांचं सरबत त्यांची आई करायची. मग म्हणाले, "लेकिन ये बीमार क्यूँ है?" आणि एक रोप जगलं तर मला द्या, असं सांगून निघून गेले. एसीची तक्रार तशीच राहिली.

बेकायदा नसल्याचं सिद्ध झालं तरी रोपं सुधारेनात. दोन तर वाळलीच. डॉक्टरांकडे वजन करायला जायची तारीख जवळ येत होती आणि काकांचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. एका सकाळी मी शाळेत जायच्या आधी डोकावले, तर ते पट्टीच्या आत उभे राहून रोजच्यासारखे एकेक रोप देठाशी धरून हलवून पाहत होते. डावी-उजवीकडे, पुढे-मागे, मग वरून माती दाबायची.

"अहो!" वहिनी ओरडल्या. खरंच ओरडल्या, आवाज जिन्यात गेला असेल इतक्या मोठ्याने. "काय करायलाव तुम्ही? रोज सकाळी बघायले मी. अवो, मूळ धरायच्या आत उपटल्यासारखं करायलाव त्याला! ते काय परांची हाय व्हय?"

काकांचा हात देठावरच राहिला. "घट्ट बसलंय का बघायलो," ते म्हणाले.

"मग बसू द्या की त्याला! सोडा. बाहेर या त्या पट्टीच्या."

काका बाहेर आले. वहिनी उठल्या, भिंत धरत धरत बादल्यांपाशी गेल्या, खाली बसून बोटांनी दाबलेली माती भुसभुशीत केली. काका त्यांना धरायला धावले तेव्हा म्हणाल्या, "आणि मलाबी हलवून बघू नका सारखं सारखं. घट्ट हाय मी."

मी तशीच शाळेत गेले. त्या दिवशी वर्गात माझं अर्धं लक्ष नव्हतं.

त्यानंतर बादल्या वहिनींच्या ताब्यात गेल्या. काकांना पट्टीच्या आत यायला मनाई. ते बाहेर उभे राहून हात मागे बांधून पाहत आणि मला दिसे की त्यांची बोटं मागच्या मागे चुळबुळत आहेत. हळूहळू माना वर आल्या. नवी पानं फुटली. खुडल्यावर झाली ती जेमतेम एक वाटी भाजी. काकांनी ती वहिनींच्या देखरेखीखाली केली. लसणाच्या फोडणीचा वास तळमजल्यापर्यंत गेला आणि परकारभाई जिन्यातून नेहमीसारखे हाक मारत वर आले. वहिनींनी पहिला घास घेतला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

काका आत मीठ आणायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी स्वयंपाकघरात डोकावले, तर मिठाचा डबा हातात धरून ते ओट्याकडे तोंड करून रडत होते. मी परत आले. वहिनींनी मिठाची वाट पाहिली नाही. वाटी पुसून खाल्ली, वर भाकरीचा तुकडाही. परकारभाईंना चव बघायलासुद्धा उरली नाही, आणि त्यांनी ते पुढे कित्येक महिने ऐकवलं.

वजन काही फार वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं आणि पुढचे डोस सुरू झाले. अर्बाबांना कबूल केलेलं रोप बरकाला गेलं. वहिनी पुन्हा कठड्यावर रेलून बोलू लागल्या, काका पुन्हा आतून ओरडू लागले. काही वर्षांनी कंपनीचं काम संपलं तेव्हा ती दोघं लातूरला गेली. निघताना काकांनी आमच्या घरातली प्रत्येक खुर्ची एकदा हलवून पाहिली आणि माझ्या नवऱ्याला पाना कुठे ठेवायचा ते सांगितलं.

आम्हीही पुढे पुण्याला परतलो. वहिनी गेल्याचं मला फोनवर कळलं. दुखणं पुन्हा उलटलं होतं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी लातूरला जायचं जमलं. काका दारातच भेटले, वाळलेले, पण शर्टाची बटणं सगळी लावलेली. घरामागे अंबाडी कमरेएवढी वाढली होती. "मी हात लावत नाही," ते म्हणाले, "आपोआप येती."

मग त्यांनी अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. "बसा ताई," म्हणाले आणि दुसरीवर स्वतः बसायला लागले. तसेच. हात न लावता. बघितलंसुद्धा नाही. बातमी फोनवर ऐकली तेव्हा मी जेवढी रडले नव्हते, तेवढं मला त्या क्षणी रडू आलं.

"थांबा काका," मी म्हटलं. ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले. मी त्यांची खुर्ची पाठीला धरून डावी-उजवीकडे हलवली, मग पुढे-मागे हलवली, मग सीटवर तळहाताने दाब दिला.

"ठीक आहे," मी खुर्चीला सांगितलं.

मग काका बसले.